उष्टावणाचा मामा

मोठ्या माणसांना अक्कल असते हा माझा समज माझ्या धाकट्या भावाच्या उष्टावणाने कायमचा मोडला. उष्टावण म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. परवा माझी नातसून तिच्या लेकराला उकडलेल्या गाजराच्या फोडी एका रबरी ताटलीत मांडून देत होती आणि प्रत्येक फोडीनंतर मोबाइलात काहीतरी नोंदवत होती. मी म्हटलं, "उष्टावण कधी?" तर म्हणाली, "आजी, ते आम्ही स्किप केलं." बरं केलंत. पण गाजर खाताना पोराकडे न बघता मोबाइलकडे बघायचं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला कळलं नाही. असो. आमच्याकडे रीत अशी की बाळ सहा महिन्यांचं झालं की मामाने त्याला मांडीवर घ्यायचं आणि सोन्याच्या अंगठीने थोडी खीर त्याच्या जिभेला लावायची. तोवर आईच्या दुधाशिवाय काही नाही. पहिला घास मामाचा, मग जगाचा. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीचा विचका करायला माणूस थोडा शिकलेला लागतो, आणि आमचे बाबा नेमके तेवढेच शिकलेले होते.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. आमच्या क्वार्टरच्या दाराशी उभं राहिलं की लांबवर मुरमाचा लाल धुरळा आणि त्यात क्रेनच्या माना दिसायच्या. दिवसभर कुठेतरी लोखंडावर घण पडत असायचा, आणि पाळी बदलली की भोंगा व्हायचा. भोंगा झाला की बाळ दचकून रडायचं आणि बाबा छाती फुगवून म्हणायचे, "हा देशाचा आवाज आहे." बाबा भंडाऱ्याकडच्या एका धानाच्या खेड्यातून आलेले. आजोबांच्या बांधावर उघड्या पायांनी चिखल तुडवलेला माणूस, पण कारखान्यात चार्जमन झाले, हाताखाली माणसं आली, वसाहतीच्या सेक्टरातलं क्वार्टर मिळालं, आणि त्यांचे पाय जमिनीला लागेनात. पहिलं काम काय केलं असेल, तर आमच्या जिभा धुतल्या. आईला 'माय' म्हणायचं नाही, 'आई' म्हणायचं. 'मले' नाही, 'मला'. 'का' ऐवजी 'कावून' म्हटलं की डोक्यात टपली. शेजारच्या कुलकर्णीकाकू पुण्याच्या. त्या बोलतात ते मराठी आणि आपण बोलतो ते गुरं हाकायचं, असं बाबांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. राग आला मात्र की हेच बाबा तोंड उघडून "तुले काही समजते काय?" असं ओरडायचे. मग एकदा खाकरायचे आणि पुन्हा पुण्याला जायचे.

सदूमामा, म्हणजे आईचा भाऊ, बाबांच्या पाठोपाठच भिलाईला आला होता. पण तो ठेकेदाराकडे गिट्टी वाहायला. राहायचा मजुरांच्या कॅम्पातल्या झोपडीत. रविवारी आमच्याकडे यायचा तेव्हा त्याच्या केसांत सिमेंट असायचं आणि बोटांच्या पेरांना भेगा. बाबांनी त्याला पुढच्या दाराने यायला कधी मनाई केली नाही, तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हतीच. ते फक्त म्हणायचे, "सदाशिवराव, मागून या, पुढचं फरशीचं आहे." सदूला सदाशिवराव म्हणून मागल्या दाराला लावायचं, हा बाबांचा शहाणपणा. आणि मामा, तोही कमाल, निमूट मागून यायचा. नळाजवळ पालथी बादली टाकून बसायचा, मला खिशातून गुळाचा खडा काढून द्यायचा. त्याची ही गरीब गाय वृत्ती मला तेव्हाही आवडायची नाही आणि आजही तिची आठवण आली की डोकं फिरतं. आईचे आईवडील ती लहान असतानाच गेले. सदूला तिने कडेवर वाढवला, आपल्या ताटातला भात कुस्करून भरवला. तिचं माहेर म्हणजे तो एकटा, बादलीवर बसलेला माणूस. माझ्या वेळी उष्टावण गावाकडे झालं होतं आणि त्यानेच केलं होतं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.

बाळाला सहावा लागला आणि आईने विषय काढला. मी पाटावर बसून तांदूळ निवडत होते. आई म्हणाली, "अवो, या रविवारी सदूले बोलावतो. लेकराचं उष्टवण करून टाकू."

बाबा दाढी करत होते. आरशातच बघत म्हणाले, "उष्टावण निकोलाय साहेब करतील."

आईला वाटलं, आपण काही चुकीचं ऐकलं. निकोलाय साहेब म्हणजे बाबांच्या खात्यातले रशियन तज्ज्ञ. त्या काळी भिलाईत रशियन माणसं पुष्कळ, आणि आमच्या बाबांसारख्यांचं सगळं चित्त त्यांच्या मर्जीवर. कारण वर्षाकाठी काही लोकांना शिक्षणासाठी रशियाला पाठवत. परत आलेला माणूस जाड कोट घालून भर मे महिन्यात सेक्टरात फिरायचा आणि लोक त्याला वाट करून द्यायचे. बाबांना तो कोट हवा होता.

"मामा असताना दुसऱ्यानं कावून भरवाचं?" आई म्हणाली.

"साहेब मामासारखेच आहेत."

"सारखा कावून? खरा हाये न. सदू काय मेला काय?"

"तुले काही समजते काय?" बाबा ओरडले, गालावर ब्लेड लागलं, आणि मग खाकरून म्हणाले, "हा मुलाच्या भविष्याचा प्रश्न आहे." मुलाचं भविष्य! दात न आलेलं ते पोर, त्याला भविष्य म्हणजे पुढची दुधाची वेळ.

आता गंमत अशी की साहेबांना सवड नव्हती. भट्टीचं काम चालू होतं. बाबा रोज संध्याकाळी येऊन सांगायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की." पुढचा आठवडा यायचा आणि जायचा. सातवा महिना सरला, आठवा लागला. आईचं दूध कमी पडायला लागलं. बाबा म्हणत, साहेबांच्या हाताआधी काही द्यायचं नाही. आई म्हणे, सदूच्या हाताआधी काही देणार नाही. दोन हट्टी माणसांच्या मध्ये एक उपाशी पोर. आईची बाजू खरी होती, हे मी आजही म्हणेन, पण त्या पोराच्या पोटाला खरं-खोटं कळत नव्हतं. कुलकर्णीकाकू नाकाने कांदे सोलत येऊन सांगून गेल्या की त्यांच्याकडे बाळाला सफरचंद उकडून, गाळून देतात. हे ऐकून बाबा सायकल हाणत दुर्गला गेले आणि एक सुरकुतलेलं सफरचंद घेऊन आले. मग त्यांच्या लक्षात आलं की तेही साहेबांच्या आधी देता येत नाही. ते सफरचंद देवळीत गणपतीशेजारी बसून राहिलं, मऊ झालं, आणि शेवटी बाबांनीच खाल्लं.

जेवायची वेळ झाली की आमच्या घरात चोरी सुरू व्हायची. बाळाने ताट पाहिलं की ते हात पुढे करून आक्रोश करायचं, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून जेवायचो. तरी ताटाचा आवाज त्याला कळायचा. आई पातेल्यातून भात काढताना पळी वाजू न देता काढायची. वरण ओतायची ते वाटीच्या कडेने. मी पापड तोंडात धरून विरघळू द्यायची, मोडायची नाही. आणि बाबा? बाबा भुरके मारून खायचे. आमच्या घरातली सगळ्यांत मोठी भूक त्या आवाजाला जागी व्हायची आणि आई अर्धं ताट सोडून उठायची. बाळाला ती छातीशी धरायची, ते ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं आणि रागाने तिला ओरबाडायचं. पाय बारीक झाले होते त्याचे. एकदा मामा आला तेव्हा त्याने ते पाय हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "बाई, साहेब तं साहेब. कोनाच्या बी हातानं खाऊ दे लेकराले. मले काई नाई वाटत."

"तुले नाई वाटत, मले वाटते," आई म्हणाली. "आज तुले मागच्या दारी बसवलं. उद्या म्हनतीन हिले भाऊच नोता."

तिने हे मोठ्याने म्हटलं नाही. पण बाबा आतल्या खोलीत रशियन शब्द घोकत होते, त्यांना ऐकू गेलं असणार. घोकणं क्षणभर थांबलं होतं.

हो, बाबा रशियन शिकत होते. 'दा' म्हणजे हो, 'न्येत' म्हणजे नाही, 'स्पासिबा' म्हणजे आभार. याच्या पुढे त्यांची गाडी गेली नाही. पण तेवढ्यावर ते सेक्टरभर 'मला रशियन येतं' म्हणून मिरवत होते. उथळ पाण्याला खळखळाट फार. खात्यात दुभाष्या होता, त्याला त्या दिवशी बोलवायचं का असं आईने विचारलं, तर बाबा हसले. म्हणाले, "मधे माणूस कशाला? साहेबांशी माझं थेट आहे."

शेवटी एकदाचा साहेबांना वेळ झाला. रविवार होता. बाबांनी आदल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं. कुलकर्णीकाकूंकडून खुर्च्या आणि चांदीची वाटी आली. दुर्गहून फोटोग्राफर आला. आईने पहाटे तांदूळ भिजवून वाटले, दूध आटवलं, खीर केली. सदूमामालाही निरोप गेला होता, तो बाबांनी नाही, आईने धाडला होता. तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, हातात काशाची वाटी घेऊन आला. माझ्या आजीची, आईच्या आईची वाटी. कॅम्पातल्या झोपडीत त्याने ती इतकी वर्षं कुठे जपून ठेवली होती कोण जाणे. राखेने घासून लखलखीत केली होती. बाबांनी वाटी पाहिली, सदरा पाहिला आणि म्हणाले, "सदाशिवराव, तुम्ही मागे बसा. साहेब गेले की तुम्हीही भरवा. दुसरा घास तुमचा."

दुसरा घास! असला शब्द कोणी ऐकला होता का? मामा म्हणाला, "बरं भाऊजी," आणि जाऊन बादलीवर बसला. आईने काशाची वाटी त्याच्या हातातून घेतली नाही. ती चुलीकडे वळली.

जीप आली. साहेब खरोखरच प्रचंड होते, उन्हाने लाल झालेले, दारातून वाकून आत आले. त्यांनी बाळासाठी लोकरीची जाड टोपी आणली होती. बाबांनी ती तिथल्या तिथे, त्या उन्हाळ्यात, बाळाच्या डोक्यात घातली. बाळ किंचाळायला लागलं. बाबा बाळाला मांडीवर घेऊन साहेबांशेजारी बसले, चांदीची वाटी पुढे केली, बोटातली अंगठी काढून वाटीत टाकली आणि भाषण सुरू केलं. "सर, टुडे यू मामा."

साहेब गोंधळले. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मामा? या?" त्यांच्याकडे 'या' म्हणजे मी.

"येस सर. यू मामा."

साहेब हसायला लागले. त्यांचं पोट हललं, कुलकर्णीकाकूंची खुर्ची करकरली. "न्येत, न्येत! मामा न्येत!"

बाबांना वाटलं, साहेब विनयाने नाही म्हणतायत. आपल्याकडे पानाला नाही म्हणतात तसं. ते आणखी जोरात आग्रह करायला लागले. "इंडियन कस्टम, सर! मामा गिव्ह फूड! फर्स्ट फूड, मामा!"

"आ!" साहेबांचा चेहरा उजळला. "दा, दा! मामा!"

आणि त्यांनी बाबांच्या हातातून वाटी घेतली, उठले, आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तिथे आई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिच्यापुढे ते कमरेत वाकले, दोन्ही हातांनी वाटी तिच्या पुढे धरली आणि अदबीने म्हणाले, "मामा."

त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. हे मला फार उशिरा, कॉलेजात गेल्यावर कळलं. साहेब बिचारे म्हणत होते की लेकराला आईने भरवावं, मी कोण? हे एवढंसं, पहिल्या धड्यातलं, त्यांच्या देशातलं तान्हं पोरही जाणतं ते, रशियन येतं म्हणून मिरवणाऱ्या माझ्या बापाला ठाऊक नव्हतं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आईला तर रशियनही येत नव्हतं आणि इंग्रजीही. तिने ऐकलं ते एवढंच, की एवढा मोठा साहेब उठून तिच्यापर्यंत आला, वाटी पुढे केली आणि मामाला विचारतो आहे. तिचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

"हाये न," ती म्हणाली. "मामा हाये. मागं बसला हाये."

तिने वाटी घेतली आणि पाठ फिरवली. त्याच वेळी फोटोग्राफरने बटण दाबलं. जाता जाता ती मला म्हणाली, "पोरी, बाळाले आन." मी जाऊन बाबांच्या मांडीवरून बाळ उचललं. बाबांनी ते घट्ट धरलं होतं, पण साहेब माझ्याकडे बघून मान डोलावत होते, "दा, दा," म्हणत होते. साहेब दा म्हणत असताना न्येत कोण म्हणणार? बाबांचे हात सुटले. पहिली गोष्ट मी केली ती ही, की बाळाच्या डोक्यातली टोपी काढून खुर्चीवर टाकली.

मागे मामा उठून उभा राहिला होता. आई म्हणाली, "सदू, हात धू. साहेब म्हनते, मामानंच भरवाचं."

मामाने हात धुतले, इतका वेळ धुतले की आईने नळ बंद केला. ती चांदीच्या वाटीतली खीर काशाच्या वाटीत ओतत होती. आतून बाबांचा आवाज आला, "अंगठी! अंगठीने भरवा!" अंगठी चांदीच्या वाटीच्या तळाशी चिकटून राहिली होती, ती कोणी काढली नाही. मामाने बाळाला मांडीवर घेतलं आणि भेगा पडलेलं बोट खिरीत बुडवून त्याच्या जिभेला लावलं. बाळ रडायचं थांबलं. त्याने डोळे मोठे केले, मग दोन्ही हातांनी मामाचा पंजा धरला आणि ते बोट हिरड्यांनी असं चावलं की मामा "अबब!" करून हसला. मग बोटाने पुरेना. आईने चमचा आणला. वाटी संपेपर्यंत ते पोर थांबलं नाही. मामा भरवत होता आणि रडत होता. आई रडली नाही. ती पातेलं आणायला गेली आणि येताना पळी मुद्दाम वाजवत आली.

साहेब मागच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. फोटोग्राफर त्यांच्या मागून यायला लागला तर बाबांनी त्याला अडवलं. मागे दोरीवर लंगोट वाळत होते ना! म्हणून त्या दिवसाचा कामाचा असा एकच फोटो निघाला. त्यात साहेब रिकाम्या हातांनी किंचित वाकलेले आहेत, मागे खुर्चीत बाबा उघड्या तोंडाने, आणि आई पाठमोरी.

बाबा रशियाला गेले नाहीत. त्यांच्या खात्यातला दुसरा कोणी गेला आणि कोट घालून परत आला. बाबांनी तो फोटो मोठा करून, काच लावून पुढच्या खोलीत टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "रशियन साहेबांनी उष्टावण केलं, हे बघा, आत्ताच भरवून उठलेत." आई चहा घेऊन यायची, ऐकायची, कप ठेवून जायची. मामा कॅम्पातच राहिला आणि कॅम्पातच गेला. त्या रविवारनंतर तो आला की आई स्वतः जाऊन पुढचं दार उघडायची. बाबा पेपरात तोंड घालून बसायचे. तेवढं एक त्यांना छान जमायचं.

बाबा गेले त्यानंतरची गोष्ट. माझा भाऊ, आता स्वतःच आजोबा, हैदराबादहून आला होता. तो बाबांवर गेलाय, तेच ऐटीत बोलणं, तेच भुरके. फोटो भिंतीवरून उतरवून नातवाला सांगत होता, "देख बेटा, एका रशियनने मला पहिला घास भरवला. आई, हा फोटो मी ड्रॉइंगरूममध्ये लावणार." मी तोंड उघडणारच होते. पण आई खाटेवर बसली होती, पार वाळलेली, तिने हात वर केला. मग त्याला जवळ बोलावलं आणि फोटो डोळ्यांशी धरला.

"यात तोंड कोनाचं दिसते रे?"

"साहेबांचं. बाबांचं."

"अन् माह्यं?"

"तुझी पाठ दिसते, आई."

"मंग," ती म्हणाली, "जिकडं माह्यं तोंड हाये न, तिकडं तुह्या मामा हाये. घेऊन जाय."